दिवसाचे सांधे

खुर्ची मोडते ती सहसा फळीच्या मध्यावर मोडत नाहीं. ती सांध्यावर मोडते. लांकूड कितीही उत्तम असलें, तरी दोन लांकडें जेथें एकमेकांस भेटतात तेथें कारागिरानें घाई केली असेल, तर त्या खुर्चीचें आयुष्य थोडेंच समजावें. लहान मुलांच्या दिवसाचीही हीच गोष्ट आहे, असें आमचें पुष्कळ वर्षांचें निरीक्षण आहे. मूल खेळण्यांत रमलें असतां रडत नाहीं. गोष्ट ऐकतांना, वाळूंत बसलें असतांना, पाण्यांत हात घालून उभें असतांना तें सुखी असतें. रडें येतें तें खेळ संपून जेवण सुरू होतांना, आंघोळ आटोपून कपडे घालतांना, घर सुटून शाळा लागतांना. आणि नवख्या पालकांस याचें नेहमी आश्चर्य वाटतें, पण शाळा सुटून घरीं जातांनाही.

आमच्या हायस्कुलास जोडून जो शिशुवर्ग आहे, त्याच्या दाराशीं उभें राहून मुलांस आंत घेणें व दुपारीं तीं परत सोपविणें हें काम आमच्याकडे बरींच वर्षें आहे. या वार्षिकाचे बहुतेक वाचक वरच्या वर्गांतील विद्यार्थी व त्यांचे पालक. त्यांस या चिमुकल्यांच्या विषयाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु ज्यांच्या घरीं धाकटें भावंड आहे, आणि "जा, त्याला आंघोळीला घेऊन ये" ही आज्ञा ज्यांस रोज ऐकावी लागते, अशा ताया व दादा आमच्या वाचकांत थोडे नसतील. मुख्यतः त्यांच्याकरितांच हे चार शब्द आम्ही लिहीत आहों.

प्रथम या सांध्यांची संख्या तरी पाहूं. एकदां आम्हीं सहज मोजदाद केली. उठणें, दांत घासणें, आंघोळ, कपडे, न्याहारी, पायांत बूट, रिक्षांत बसणें, फाटकाशीं आईचा हात सोडणें, प्रार्थना, ठोकळे, हात धुणें, डबा, गोष्ट, अंगणांतील खेळ, पुन्हा बूट व पुन्हा रिक्षा. दुपार होण्यापूर्वींच सोळा कामें, आणि त्यांच्यामध्यें पंधरा सांधे! यांपैकीं एकही त्या मुलानें स्वतः ठरविलेला नसतो. वर्तमानपत्र अर्धें वाचून झालें असतां कोणी तें हातांतून काढून घेतलें, तर आपल्यासारखे प्रौढही कपाळास आठ्या घालतात. मग सकाळपासून पंधरा वेळां हातांतलें काढून घेतलें जाणाऱ्या जिवानें तीन-चार वेळां आक्रोश केला, तर नवल तें काय?

या आक्रोशास आपण "हट्ट" असें नांव देतों. आणि एकदां नांव दिलें कीं आपला विचार तेथेंच थांबतो. मूल ऐकत नाहीं, म्हणजे त्यास ऐकावयाचें नाहीं, असें आपण धरून चालतों. परंतु समजणें आणि समजल्याप्रमाणें वागतां येणें, या दोन निराळ्या शक्ती आहेत. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो व त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत लहान मुलांस पत्त्यांचा एक साधा खेळ देऊन पाहिला. पत्त्यांवर निरनिराळ्या रंगांचीं व आकारांचीं चित्रें होतीं. आधीं रंगाप्रमाणें पत्ते लावावयास सांगितलें. तें तीन वर्षांच्या मुलांनींही नीट केलें. मग "आतां रंगाचा खेळ पुरे, आकाराचा खेळूं" असें सांगितलें. तेव्हां तीन वर्षांचीं बहुतेक मुलें पुन्हा रंगाप्रमाणेंच पत्ते लावूं लागलीं. मौज ही कीं, नवा नियम कोणता असें विचारलें असतां तो त्यांस सांगतां येत होता! नियम जिभेवर होता, पण हात जुन्याच वाटेनें जात होता. पांच वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांस हें वळण घेतां येऊं लागतें. ज्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे हें काम मुख्यतः असतें, त्याची वाढ पुरी होण्यास तर विशीचीं कित्येक वर्षें जावीं लागतात. तेव्हां "कळतें पण वळत नाहीं" ही आपली म्हण जेवढी थोरांस टोचून लावली जाते, तेवढीच ती लहानांच्या बाबतींत करुणेनें लावली पाहिजे.

दुसरी अडचण काळाची. "पांच मिनिटांत ये" असें आपण सांगतों. पांच मिनिटें म्हणजे काय, हें साडेतीन वर्षांच्या मुलास कसें कळावें? त्याच्या लेखीं "आतां" आणि "आतां नाहीं" एवढेच दोन काळ असतात. "अजून तीनदां घसरगुंडीवरून ये, मग आपण हात धुऊं" असें सांगितलें, तर त्यास कांहीं तरी दिसतें; तें मोजतां येतें, आणि शेवटची घसरगुंडी शेवटची म्हणून खेळतां येते. घड्याळाचा शेवट त्याच्यावर येऊन आदळतो. घसरगुंडीचा शेवट तें स्वतः करतें.

आमच्या जुन्या घरांस हें ज्ञान पुस्तकाशिवाय होतें. पहांटे जात्यावरची ओवी सुरू झाली कीं आईच्या मांडीवर निजलेल्या मुलास दिवस उगवत असल्याचें कळे. तिन्हीसांजेस दिवा लागला कीं अंगणांतला खेळ आपोआप आटपे; कोठें "शुभंकरोति" म्हणत, कोठें कौटुंबिक प्रार्थनेस बसत, मग परवचा, मग पाट-पाणी, मग अंगाई. "खेळ पुरे" असें सांगणारी व्यक्ती नसे. दिवाच तें सांगे. दिव्याशीं भांडण करावें तरी कसें? रोजचा तोच क्रम, तीच खूण, तोच सूर, यांमुळें मूल एका कामांतून दुसऱ्यांत ढकललें जात नसे, तर वाहत जात असे. जुनें तें सर्वच सोनें, असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. त्या घरांत धाकही पुष्कळ होता, आणि छडीनें जोडलेला सांधा जोडल्यासारखा दिसला तरी आंतून तुटलेलाच असतो. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली, ती योग्यच झाली. छडी गेली, आतां ओवीची जागा कोण घेणार, हा प्रश्न उरला आहे.

या प्रश्नाचें महत्त्व आम्हांस एका मुलानें विशेषेंकरून पटविलें. कांहीं वर्षांपूर्वीं तो आमच्या शिशुवर्गांत आला, तेव्हां साडेतीन वर्षांचा होता. काम चालू असतां त्याच्यासारखें गुणी मूल वर्गांत नव्हतें. ठोकळ्यांचीं उंच घरें तो तासतासभर रची. परंतु घंटा झाली कीं तो जमिनीवर आडवा पडे, आणि उचलावयास गेलें तर अंग ताठ करी. एके दिवशीं आवराआवर करतांना एका मुलीनें त्याच्या हातचा ठोकळा घेतला. त्यासरशीं त्यानें तिच्या मनगटास चावा घेतला. मुलीच्या घरच्यांचें गाऱ्हाणें आलें, आणि तें रास्तही होतें. दुसऱ्या दिवशीं मुलाचे आईवडील आम्हांस भेटावयास आले. वडील मुलादेखत म्हणाले, "बाई, हा मूळचाच हट्टी आहे. दोन द्या त्याला. आमची ना नाहीं." आई खालीं मान घालून उभी होती. थोड्या वेळानें ती म्हणाली, "मी नोकरी सोडून वर्षभर घरींच सांभाळूं का ह्याला? सगळे म्हणतात, आईला वेळ नाहीं म्हणून असा झाला." त्या घरास दोघांच्या मिळकतीवांचून चालण्यासारखें नव्हतें, हें तिच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होतें. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या कपाळीं "मूळचाच हट्टी" हा शिक्का, आणि त्याच्या आईच्या कपाळीं त्याहून मोठा. ठोकळ्यावरून झालेलें भांडण एवढ्यावर येऊन ठेपलें होतें.

आम्हीं एवढेंच विचारलें कीं, हें केव्हांपासून होऊं लागलें? तेव्हां कळलें, कीं चैत्रापर्यंत त्याची आजी घरीं होती. गांवीं आजोबा आजारी पडले, म्हणून ती परत गेली. आजी काय करी, याचें आईनें सहज वर्णन केलें. आंघोळीची वेळ झाली कीं ती त्यास हांक मारीत नसे. पितळेच्या तांब्यावर बोटानें तीनदां टिचकी वाजवी, आणि तो जेथें असेल तेथून धांवत येई. जेवणाआधीं पाट मांडण्याचें काम त्याचें. निजण्याआधीं देवघरांतला दिवा कमी करतांना तिचा पदर धरून उभें राहणें, हेंही त्याचेंच काम. आजी गेली, आणि तिच्याबरोबर त्याच्या दिवसाचे सर्व खिळे निखळले. घरांतील सर्वांस वाटलें कीं मुलाचा स्वभाव बिघडला. वास्तविक सांधे उघडे पडले होते.

यापुढें आम्हीं केलें तें अगदीं साधें होतें. वर्गांत एक पितळी वाटी आणून ठेवली. एक काम संपावयाच्या थोडें आधीं आमच्यापैकीं एकीनें त्याच्याजवळ जाऊन बसावें, त्याच्या घराचा शेवटचा ठोकळा कोणता तें त्यासच विचारावें, आणि तो ठेवून झाला कीं वाटी वाजवीत साऱ्या वर्गांतून फिरण्याचें काम त्यास द्यावें, असें ठरविलें. त्याचें अर्धें रचलेलें घर मोडावयाचें नाहीं. तें फळीसकट खिडकींत ठेवावयाचें, म्हणजे डबा खाऊन आल्यावर तें तेथेंच आहे असें त्यास दिसावें. पहिले तीन दिवस कांहींच गुण आला नाहीं. तो मोठ्या ऐटींत वाटी वाजवी आणि मग पूर्ववत् आडवा पडे! चौथ्या-पांचव्या दिवशीं आडवें पडण्याआधीं त्यानें खिडकीकडे पाहिलें, आणि पाहतां पाहतां पडावयाचें राहून गेलें. दिवाळीपर्यंत त्याचें रडणें आठवड्यांतून एकदां-दोनदांवर आलें. सुटीनंतर पुन्हा थोडे दिवस वाढलें, जसें सर्वच मुलांचें वाढतें. घरीं पितळेचा तांब्या नव्हता, तो आजीबरोबर गांवीं गेला होता. म्हणून आई स्टीलच्या पेल्यावर टिचकी वाजवूं लागली, आणि पुढें वडीलही वाजवूं लागले. आईनें नोकरी सोडली नाहीं. त्या मुलास स्वतःस हें कांहीं आठवत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. आणि तें आठवूं नये, हेंच बरें.

त्या खिडकींतील फळीची कल्पना आमची नव्हे. मारिया माँतेस्सोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें, तेव्हांपासून त्यांच्या पद्धतींत मुलाचें काम मध्येंच न तोडणें, आणि काम झालें कीं तें साहित्य मुलानेंच उचलून जागच्या जागीं ठेवणें, यांस फार महत्त्व आहे. साहित्य जागेवर ठेवणें ही केवळ शिस्त नव्हे. तो त्या कामाचा निरोप आहे. त्यांचा मौनाचा खेळही प्रसिद्ध आहे. सर्व मुलें निश्चल बसतात. शिक्षिका दूर, शेजारच्या खोलींत जाऊन एकेकाचें नांव अगदीं हलक्या आवाजांत घेते. आणि ज्याचें नांव आलें तें मूल पावलांचा आवाज न करतां तिच्याकडे जातें. चाळीस मुलांस "चला, चला!" असें ओरडून जें साधत नाहीं, तें कुजबुजीनें साधतें, कारण प्रत्येकास आपल्याला, आणि केवळ आपल्यालाच, बोलावलें असें वाटतें. माँतेस्सोरीबाई १९३९ साली हिंदुस्थानांत आल्या व महायुद्धामुळें १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या. त्या काळांत त्यांनीं येथील अनेक शिक्षकांस ही पद्धत स्वतः शिकविली.

महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं तर सांध्याचा हा विचार वर्गाच्या भिंतींबाहेर नेला. १९४५ साली त्यांनीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं, जें आतां पालघर जिल्ह्यांत येतें, बालशिक्षणाचें काम सुरू केलें. त्यांत अनुताई वाघ यांची त्यांस अखेरपर्यंत साथ होती. पाड्यांवरचीं आदिवासी मुलें बालवाडींत येईनात. घर आणि शाळा यांमधील अंतर त्यांस ओलांडवेना. तेव्हां मुलांस ओढून आणण्याऐवजीं या दोघींनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली, आणि तीच "अंगणवाडी" झाली. पुढें १९५७ साली हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, तेथें गुरें राखणाऱ्या मुलांकरितां कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेबरोबर अंगणवाडी हा शब्द साऱ्या देशांत पोंचला. या इतिहासांत आम्हांस एकच धडा दिसतो: मुलास पलीकडच्या तीरावर ओढण्यापूर्वीं, तो तीर थोडा त्याच्याजवळ आणतां येतो कीं काय, हें आधीं पाहावें.

घरांतील रोजच्या व्यवहारांत याचा अर्थ काय, तें थोडक्यांत सांगतों. जेवावयास बोलावणें असेल, तर स्वयंपाकघरांतून हांका मारूं नयेत. मुलाजवळ जावें, खालीं बसावें, क्षणभर त्याचा खेळ पाहावा, आणि मग एकच गोष्ट सांगावी. "खेळणीं आवर, हात धू, पाटावर बस" या तीन आज्ञा मोठ्यांस एक वाटतात. मुलास त्यांतली पहिली किंवा शेवटचीच ऐकूं येते. एका कामांतून दुसऱ्यांत कांहीं तरी बरोबर नेऊं द्यावें. मोटार आंघोळीच्या वेळीं न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत आली, तर कांहीं बिघडत नाहीं. विनाकारण रांगेंत तिष्ठत ठेवूं नये. शिशुवर्गांतील निम्मे तंटे रिकाम्या हातांनीं वाट पाहतांना होतात. आणि जो सांधा टाळतां येईल तो टाळावा. पंधराचे बारा झाले, तरी मुलाचें व आईचें दोघांचेंही ओझें हलकें होतें.

फोनवरील चित्रांच्या बाबतींत मात्र निराळा अनुभव येतो. "दोन मिनिटांत बंद करीन हं" अशी आगाऊ सूचना द्यावी, म्हणजे मूल कुरकुरणार नाहीं, अशी सर्वांची समजूत असते. परंतु २०१६ साली अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं लहान मुलांच्या कुटुंबांकडून रोजच्या नोंदी मिळविल्या, तेव्हां अशी सूचना दिलेल्या प्रसंगीं मुलांचा विरोध उलट अधिक आढळला. चित्र आपोआप संपलें, किंवा "हें झालें कीं जेवण" हा रोजचाच क्रम असला, तर तीं अधिक सहज उठत. कारण उघड आहे. आईची सूचना म्हणजे वाटाघाटीचें आमंत्रण. क्रम हा दिव्यासारखा असतो, त्याच्याशीं वाटाघाट होत नाहीं. म्हणून सूचना नुसती तोंडची असूं नये; तिच्यामागें रोज पाळला जाणारा क्रम असावा, आणि हातांत पुढचें कांहीं तरी असावें.

कोणी म्हणेल, एवढे लाड केले तर मूल जगाच्या धक्क्यांस कसें टिकणार? उद्यां रेल्वे त्याच्याकरितां थांबणार आहे काय? आमचें उत्तर असें, कीं आम्ही काम रद्द करावयास सांगत नाहीं. आंघोळ व्हावयाचीच, डबा खावयाचाच, शाळा सुटली कीं घरीं जावयाचेंच. रडें आलें तर "तुला अजून खेळावयाचें होतें ना?" एवढें म्हणून मूल कडेवर घ्यावें आणि न्हाणीकडे चालूं लागावें. मायेनें बोलणें आणि निश्चय न सोडणें, यांत विरोध नाहीं. विरोध आहे तो घाई आणि मायेंत.

आणि या लहान निरोपांची संवय पुढें मोठ्या निरोपांस उपयोगी पडते, अशी आमची श्रद्धा आहे. ठोकळ्यांचें घर खिडकींत ठेवून डबा खावयास जाणारें मूल हें शिकत असतें, कीं आवडती वस्तु सोडली तरी ती नाहींशी होत नाहीं. जें संपलें त्यास नीट निरोप देतां येतो, आणि पुढें जें येत आहे तें शत्रूच असेल असें नाहीं. यंदा शालान्त परीक्षा देऊन जे विद्यार्थी ही शाळा सोडून जातील, त्यांसही मार्च महिन्यांत याच शिकवणीची थोडीबहुत गरज भासेल.

तेव्हां, ताई व दादा हो, येत्या सुटींत घरच्या धाकट्याच्या दिवसांतील एकच सांधा निवडा. फार नको, एकच. आंघोळीचा घ्या, जेवणाचा घ्या. त्यास एक खूण द्या, ती रोज तीच ठेवा, आणि आठ-पंधरा दिवस धीर धरा. पहिले तीन दिवस कांहीं गुण येणार नाहीं, हें आम्ही आधींच सांगून ठेवतों. पेला कोणत्याही धातूचा असला तरी चालतो.